बराखीच्या मापाची खोली

चैत्र सरत आला की आमच्याकडच्या हवेला कापलेल्या पातीचा वास येतो. आळेफाट्यावरून स्कुटी काढून पिंपरी पेंढारच्या रस्त्याला लागलं की आधी डिझेल, तळणीची भजी, गॅरेजमधलं ग्रीस असले वास मागे पडतात आणि मग तो येतो. हिरवा, तिखट आणि शेवटाला किंचित गोड. दोन्ही अंगांच्या वावरांत बायका ओळीनं बसलेल्या असतात, डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेले, हातातले विळे सारखे चाललेले. उपटलेल्या कांद्याची पात कापायची, बोटभर देठ ठेवायचा आणि कांदा मागे ढिगावर टाकायचा. बाकीच्यांच्या डोळ्यांत या वासानं पाणी येतं. माझ्या पोटात गोळा येतो. पंधरा-सोळा वर्षं झाली, दर साली येतो, आणि आता मी त्याच्याशी भांडायचंही सोडून दिलंय.

यंदा तो जरा जास्तच मोठा आहे. माझ्या भावाची मुलगी श्रावणी पुण्याला निघाली आहे. नोकरी लागली, चांगली लागली, सगळ्यांना पेढे वाटून झाले आणि मग प्रश्न उरला राहायचं कुठे. गेल्या रविवारी तिनं मला तीन खोल्यांचे फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, "आत्या, यातली कुठली घेऊ? पटकन सांग." मी आळेफाट्याला एका लॅबमध्ये काम करते. समोर रक्ताच्या नळ्या तशाच ठेवून मी फोटो मोठे करून बघायला लागले. पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी कॉट बघत नव्हते, कपाट बघत नव्हते, बाथरूमही बघत नव्हते. खिडकी कुठल्या भिंतीला आहे आणि तिच्या समोरच्या भिंतीला दुसरी आहे का, एवढंच शोधत होते. माझं मलाच हसू आलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

मी गेले तेव्हाही हेच दिवस होते. लॅबचा कोर्स झाला होता आणि कोथरूडच्या एका लॅबमध्ये मला घेतलं होतं. अक्षय तृतीया झाली की हजर व्हायचं होतं. घरात मात्र कांदा निघालेला. कांदा निघालेल्या घरात त्या महिन्यात कुणाचाच हात रिकामा नसतो. पाहुणा आला तर चहाच्या कपाबरोबर त्याच्या हातात विळा देतात आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. अशा वेळी माझ्या खोलीचं कुणी बघायचं? शेवटी एका संध्याकाळी ढिगावर पात पसरता पसरता दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान वर न करता निकाल दिला.

"दोन दिस काढतो. दोन दिसांत खोली गावली तर गावली. न्हाई तर म्होरल्या साली बघू."

म्होरल्या साली बघू, याचा अर्थ आमच्याकडच्या मुलींना शब्दकोशात शोधावा लागत नाही. पुढच्या साली जे बघतात ती खोली नसते, स्थळ असतं. त्यामुळे त्या दोन दिवसांत माझं सगळंच अडकलं होतं. मला दोन रात्री जेवण गेलं नाही. पुण्यात एकटं राहायचं या कल्पनेनं जेवढी धास्ती होती, तेवढीच धास्ती राहायला मिळणार नाही याचीही होती. दोन्ही भीती एकाच पोटात कशा मावल्या, देव जाणे.

आईच्या अटी साध्या होत्या. दाराला आतून कडी पाहिजे, दाराबाहेर दिवा पाहिजे आणि आजूबाजूला ऊस नको.

"आई, पुण्यात ऊस नसतो."

"मग तिथली लोकं रस कशाचा पित्यात?"

आईचं चुकतही नव्हतं. आदल्याच हिवाळ्यात आमच्या गोठ्यातून बिबट्यानं शेळी ओढून उसात नेली होती. दिवस कलला की आम्ही मुली वावरातून एकेकट्या कधी आलो नाही. तिघी-चौघी मिळून, मोबाइलवर गाणं मोठ्यानं लावून, उगाचच मोठमोठ्यानं हसत यायचं, ही आमची रीत. मला वाटतं, माझ्या आवाजाची पट्टी आजही जी थोडी वर आहे ती त्या उसामुळे.

दादांनी अट अशी काही सांगितली नाही. ते बोलणारे गृहस्थ नव्हेत. आळेफाट्याला एस.टी. मिळाली, शेजारी शेजारी बसलो. त्यांच्या सदऱ्याच्या घड्यांत, खिशात, टोपीच्या पट्टीत सगळीकडे कांद्याचे वाळके पापुद्रे अडकलेले. कांद्याच्या दिवसांत आमच्याकडे माणसं अशीच असतात, झटकली तरी संपत नाहीत. नारायणगाव गेलं, मंचर आलं. मंचरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी प्रवासातला एकुलता एक प्रश्न विचारला.

"पाणी पितीस का?"

मी हो म्हणाले. ते उतरले, बाटली भरून आले, आधी मला दिली आणि उरलेलं स्वतः प्यायले. बस्स. मला वाटत होतं, हे आता काहीतरी विचारतील. जमेल का, एकटीला करमेल का, असलं काहीतरी. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. शिवाजीनगर आलं तरी ती तशीच राहिली.

पहिलं आम्ही एक मुलींचं वसतिगृह बघितलं. एका खोलीत सहा कॉट. दादा कॉटकडे बघेचनात. सरळ भिंतीपाशी गेले, कपाटामागे हात घालून भिंतीला तळवा लावला आणि तो हात नाकाशी नेला. मग खिडकीत उभे राहिले. खिशातून कांद्याचा एक पापुद्रा काढून तळहातावर ठेवला आणि वाट बघत राहिले. पापुद्रा हलला नाही. हात तिरका केल्यावर तो सरळ खाली फरशीवर पडला.

"हितं माल आठ दिस टिकायचा न्हाई," दादा म्हणाले.

"कसला माल?" तिथल्या मॅडमनी चष्म्यावरून विचारलं.

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या क्षणी मला कळलं, दादा माझ्यासाठी खोली बघत नव्हते. ते बराखीसाठी जागा बघत होते.

आता बराख म्हणजे काय ते सांगायला हवं. ती आमची कांदा साठवायची जागा, नाशिककडचे लोक तिला चाळ म्हणतात. लांबट, जमिनीपासून हातभर उचललेली, दोन्ही भिंती जाळीच्या. तिची लांबी दक्षिण-उत्तर ठेवतात, म्हणजे पश्चिमेचा वारा एका जाळीतून शिरून कांद्यामधून दुसऱ्या जाळीतून निघून जातो. वारा अडला की कांदा घामेजतो, घामेजला की सडतो. दादांनी गावातल्या कितीतरी बराखींच्या जागा धरून दिल्यात. वावरात उभे राहून पापुद्रा सोडायचा, तो जिकडे जाईल तिकडे बघायचं, चार पावलं सरकायचं, पुन्हा सोडायचा. त्यांनी धरून दिलेल्या जागेतला कांदा दिवाळीपर्यंत हलत नाही असं लोक म्हणतात. आयुष्यात एखादी गोष्ट जपून कुठे ठेवायची एवढी एकच विद्या त्यांच्याजवळ होती, तीच त्यांनी माझ्यासाठी काढली. आज हे लिहिताना ते कळतं. तेव्हा फक्त लाज वाटली.

दुसरी जागा कोथरूडलाच होती, लॅबपासून चालत पाच मिनिटं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात एक मुलगी आधीच राहत होती, दुसरी कॉट रिकामी. मालकीण बाई प्रेमळ. त्यांनी आम्हाला पन्हं दिलं. खिडक्या समोरासमोर होत्या आणि पापुद्राही बऱ्यापैकी सरकला. दादा मान डोलवायच्या बेतात होते. तेवढ्यात मी मागचं दार उघडलं. मागे रिकामा प्लॉट आणि त्यात कमरेएवढं वाळलेलं गवत. वारा आला की ते सळसळत होतं. मी दार लावून घेतलं.

"नको," मी म्हणाले.

"का गं? काय अडचण आहे?" बाईंनी विचारलं.

पुण्यात, भर वस्तीत, पन्ह्याचा ग्लास हातात धरून, बिबट्या हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "मागे गवत आहे." बाई म्हणाल्या, "हो, मग? पावसाच्या आधी कापून नेतात." मी दादांकडे बघितलं. हसतील असं वाटलं होतं. ते गंभीरपणे गवताकडे बघत होते, कुठून कुठवर आहे त्याचा अंदाज घेत. मग त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि चप्पल घातली. आम्ही दोघं एकाच गावचे आणि एकाच भीतीत शिकलेले. जगातली कुठलीही शहाणी मुलगी जी खोली डोळे झाकून घेईल ती आम्ही बापलेकीनं एकमतानं नाकारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अगदी परतीची वेळ झाली असताना, धनकवडीला ती गच्चीवरची खोली मिळाली. लॅबपासून लांब, दोन बस बदलून जायचं. चौथ्या मजल्यावर गच्ची, गच्चीच्या कोपऱ्यात एकटीच खोली. पश्चिमेला खिडकी, पूर्वेला खिडकी, दाराला आतून कडी, बाहेर दिवा, आणि नजर जाईल तिथवर सिमेंट. दादांनी पश्चिमेच्या खिडकीत पापुद्रा सोडला. तो खोलीभर उडत गेला, पूर्वेच्या खिडकीतून बाहेर पडला आणि कठड्यावरून दिसेनासा झाला. दोन दिवसांत पहिल्यांदा दादा हसले. घरमालक मागून सांगत होते, "पावसाचं मात्र जरा..." पण दादांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"वारा लई झ्याक हाय," ते मला म्हणाले. "हितं तुला काय व्हायचं न्हाई."

श्रावणीनं पाठवलेल्या तीन फोटोंपैकी एकात अशीच समोरासमोर खिडक्यांची खोली आहे. स्वच्छ, उजेडाची. मी तो फोटो पुन्हा पुन्हा उघडते. तिला नको म्हणून सांगावं का? काय कारण सांगू? मी इकडे फोन हातात घेऊन लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते. तिकडे तिला वाटत असेल, आत्याला काम फार आहे.

उन्हाळाभर ती खोली खरंच छान होती. मी कुणाला दोष देत नाही. सकाळी सहाला वारा यायचा, पडदा फडफडायचा, खाली इस्त्रीवाल्या काकूंचा रेडिओ सुरू व्हायचा. कामाचे दिवस कसेही निघून जायचे. रविवार निघायचा नाही. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला एकदम लक्षात यायचं की सकाळपासून आपण एक शब्द बोललेलो नाही. मग मी उगाच मोठ्यानं काहीतरी म्हणायची. "चला, चहा करू." स्वतःचाच आवाज ऐकून दचकायची. खाली उतरताना कुलूप ओढून बघायची, दोन जिने उतरून परत वर यायची, पुन्हा ओढून बघायची. गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली की कडीकडे बघत बसायची. बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरची कुणीतरी कपडे वाळत घालायला आलेली असायची. एवढ्या लोकांच्या शहरात बिबट्या नव्हता हे मला ठाऊक होतं. मग मी कशाला भ्यायले होते ते मात्र मला सांगता आलं नसतं. गावाकडे भीतीला निदान ठिपके होते.

घरचा फोन आला की आधी आई बोलायची. शेळी व्याली, कुणाचं लग्न ठरलं, तिकडं भाजी कशी मिळती. मग फोन दादांकडे जायचा. त्यांचा प्रश्न ठरलेला होता.

"वारा येतो ना?"

"येतो."

"बरं."

आषाढात पाऊस पश्चिमेकडून आला. तो तिकडूनच येतो, आमच्या बराखींनाही तिकडूनच लागतो. पण बराखीला आषाढाआधी पश्चिमेच्या अंगाला ताडपत्री बांधतात, खाली दगड ठेवून ताणतात. माझ्या खोलीला कोण बांधणार? खिडकीच्या झडपा बंद होत नव्हत्या. एके दिवशी कामावरून आले तर गादी पिळून काढावी अशी झालेली, आणि उशाखाली ठेवलेल्या माझ्या मार्कलिस्टांची शाई पसरलेली. कॉट मी पूर्वेच्या भिंतीला ओढली. पाऊस तिथवरही यायचा. आठवडाभर मी कांद्यासारखी घामेजत राहिले, कपड्यांना वास, भांड्यांना वास. त्या शनिवारी फोनवर दादांनी विचारलं, "वारा येतो ना?" मी म्हणाले, "येतो." त्यात खोटं काहीच नव्हतं.

खरं का सांगितलं नाही? आज विचार करते तर वाटतं, सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, ये परत. आणि मी गेले असते. इतकी मी कच्ची झाले होते. मला त्यांच्या रागाची भीती नव्हती. त्यांनी ये म्हणण्याची होती.

श्रावणात मला ताप आला. साधाच असेल, पण अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. घरमालकांकडचे सगळे गावाला गेलेले. लॅबला फोन करून सांगितलं आणि पडून राहिले. खिडकी लावायला उठवेना म्हणून ती उघडीच होती. बाहेर दोरीवर आदल्या दिवशीचा टॉवेल होता, तोही काढायला उठवेना. दोन दिवस मी त्या टॉवेलाकडे बघत होते. निळा, कडेला लाल पट्टी. तो भिजायचा, वाळायचा, पुन्हा भिजायचा. पाण्याचा माठ दाराजवळ होता, आठ पावलांवर. ती आठ पावलं मी कितीदा मनात चालले असेन.

तिसऱ्या दिवशी भिंत धरत खाली उतरले, तर इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, "अगं, परवा तुझे वडील येऊन गेले ना. काय दिलं त्यांनी?"

मला आधी कळलंच नाही. काकू म्हणाल्या, पांढरी टोपी, उंच, वाळके. मार्केटला कांद्याचा टेम्पो घेऊन आले की येतात की. जूनमध्येही आले होते, मागच्या महिन्यातही. त्या समोरच्या लिंबाखाली उभे राहतात, वर बघतात, थोडा वेळ थांबतात आणि जातात. काकूंना वाटलं होतं, मी खाली येऊन भेटत असेन.

मी तिथेच पायरीवर बसले.

सकाळी उठल्यावर दादांचं पहिलं काम म्हणजे बराखीपाशी जाणं. ती ते उघडत नाहीत. जाळीला नाक लावून पावलापावलानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. मी लहान असताना मागे मागे जायची. ते मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "हितं एक गेलाय." तेवढाच कप्पा उघडून बघितला तर एखादा सडका कांदा निघायचाच. बाकीच्यांना हात लावायला ते कुणाला द्यायचे नाहीत. हाताळला की चांगलाही बिघडतो, उचलला की साल निघते, साल निघाली की संपलं. लांबून वास घ्यायचा, हात घालायचा नाही. तेच त्यांनी माझं केलं होतं. लांब पुण्याला येऊन, लिंबाखाली उभं राहून, माझा वास घेऊन ते परत जात होते. आणि मी आठ पावलांवरच्या पाण्यासाठी तळमळत होते तेव्हा ते चार मजले खाली होते.

मला राग आला. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता, नंतरही नाही. मी वर जाऊन पिशवी भरली. शिवाजीनगरला स्टँडवर जाऊन बसले. आळेफाट्याची एक गाडी लागली आणि सुटली. दुसरी लागली आणि सुटली. कंडक्टरनं विचारलं, "ताई, जायचंय का?" मी मान हलवली, पण हो की नाही ते मलाच कळलं नाही. घरी गेले की आई मिठी मारेल, पेज करून घालेल, आणि मग म्होरलं साल सुरू होईल हे दिसत होतं. तिसरी गाडी लागायच्या आत मी उठले आणि कोथरूडची बस धरली. पन्हं देणाऱ्या त्या बाईंचं दार वाजवलं. कॉट अजून रिकामी होती. माझ्याकडे बघून बाईंनी काही विचारलं नाही. कपाळाला हात लावला आणि आधी झोप म्हणाल्या. मागच्या प्लॉटवर गवत नव्हतं, खरंच कापून नेलेलं.

तिथे मी पुढे चार वर्षं राहिले, लग्न होऊन इकडे येईपर्यंत. दर साली गवत वाढायचं आणि मी दर साली घाबरायची. त्यातून एकदा मुंगूस निघालं, तेवढंच. आता पुण्याच्या कडेलाही बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात. तेव्हा आई विजयी मुद्रेनं म्हणते, "मी म्हणलं न्हवतं?"

खोली बदलल्याचं मी फोनवर सांगितलं. दादांनी कारण विचारलं. पाऊस आत येत होता, मी म्हणाले. मग ते म्हणाले, "ताडपत्री बांधून दिली आस्ती की."

दिवाळीला घरी गेले. बराखीतला कांदा भरायला काढला होता, दारात गोण्या. मी धीर करून विचारलं, "दादा, तुमी खाली येऊन उभं ऱ्हायचा. वर का न्हाई आला?"

त्यांना पकडले गेल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी एक कांदा उचलला, त्याची मान चाचपली, ठेवला. "टावेल वाळत व्हता," ते म्हणाले. "खिडकी उघडी व्हती. वारा चालू व्हता. म्हंजी पोरगी बरी हाय. बराख सारखी उघडून बघायची नसती."

ते इतक्या समाधानानं म्हणाले की तापाचं मी सांगितलंच नाही. सणाचा दिवस होता, आई अनारसे घेऊन बाहेर येत होती. मी तो टॉवेल गिळून टाकला. पण गिळलेलं कुठे जातं? दर चैत्रात तोच गोळा होऊन वर येतो.

हे लिहिणं अर्ध्यावर असतानाच गुरुवारी श्रावणीची खोली बघायला गेलो. भावाला जमण्यासारखं नव्हतं, कांदा निघालाय. श्रावणी, मी आणि दादा. त्यांना आता गुडघ्यानं वाकवत नाही म्हणून वावरातून सुटी आहे. आदल्या दिवशी श्रावणीनं त्यांना फोटो दाखवले होते. त्यांनी फोन लांब धरून बघितले आणि परत दिले. "फोटूत वारा दिसत न्हाई," म्हणाले. सकाळी गाडीत येऊन बसले ते कुणी बोलवायच्या आत.

पहिल्या दोन खोल्या श्रावणीलाच आवडल्या नाहीत. तिसरी म्हणजे ती समोरासमोर खिडक्यांची. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. समोर चहाची टपरी होती, तिच्या बाहेर बाकडं. मी म्हणाले, "दादा, तुमी हितंच बसा. आमी बघून येतो." त्यांनी बाकड्याकडे बघितलं. मग वर खिडकीकडे बघितलं. तिथे कुणाची तरी ओढणी वाळत होती.

"न्हाई," ते म्हणाले. "वर येतो."

कठडा धरून ते चढायला लागले. प्रत्येक वळणावर थांबायचे. मी मागे होते, पडतील म्हणून दोन्ही हात पुढे धरून. श्रावणी दोनदा वर जाऊन खाली येऊन गेली. खोलीत पोचेपर्यंत दादांच्या छातीचा भाता झाला होता. तरी ते आधी पश्चिमेच्या खिडकीपाशी गेले. खिशात हात घातला, पापुद्रा काढला, तळहातावर ठेवला. ते त्या पापुद्र्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मूठ मिटली. पापुद्रा परत खिशात ठेवला आणि येऊन कॉटवर बसले.

"पाणी दे गं," ते श्रावणीला म्हणाले.

तिनं खोली सोडून जाणाऱ्या मुलीकडून ग्लास मागून आणला. तो हातात धरून, न पिताच, ते तिला म्हणाले, "श्रावणे, खरं सांग. हितं एकटीनं ऱ्हायचं तुला भ्या वाटतंय का?"

श्रावणी प्लगपासून कॉटपर्यंत चार्जरची वायर पुरते का ते बघत होती. तिनं वर बघायच्या आत उत्तर आलं.

"हो," मी म्हणाले.

दादांनी माझ्याकडे मान वळवली. "तुला?"

"हो. मला."

"कवा?"

"टावेल वाळत व्हता तवा."

श्रावणीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. तिला काहीच कळलं नसणार. बाहेर कुणीतरी रिक्षा सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. दादांनी ग्लासातल्या पाण्याकडे बघितलं.

"मी खालीच व्हतो," ते म्हणाले.

"ठावं हाय, दादा."

त्यांनी दोन घोट घेतले. मग अर्धा राहिलेला ग्लास माझ्यापुढे धरला.

"पाणी पितीस का?"